रविवारचा वर्ग : खानखोजे आणि मका

नमस्कार मंडळी, रविवारी १० वाजता वर्ग आहे, विषय स्थलांतरितांनी नव्या देशाला काय दिलं. आपण पांडुरंग खानखोजे घेतोय. वर्ध्याचे, गदर पार्टीवाले (परदेशातून इंग्रजांविरुद्ध लढणारी भारतीयांची संघटना), १९२४ मध्ये मेक्सिकोत गेले आणि बरीच वर्षं तिथेच राहिले, चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या नव्या जाती काढल्या, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या आणि तिथला प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिव्हेराने तर त्यांना भित्तिचित्रात पाव मोडताना रंगवलंय (आपल्याच पोरांना हे माहीत नाही, कमाल आहे!). मुलांनी घरातलं पहिलं कोण इकडे आलं, बॅगेत काय आणलं ते आजी-आजोबांना फोनवर विचारून यावं, मागच्यासारखे गूगलचे प्रिंटआउट नकोत प्लीज. दोन-चार कणसं कोण आणतंय?