इर्शाळवाडीच्या वाटेवर नाव न सांगता आलेल्यांना

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गाडीरस्ता नव्हता, यंत्रं वर चढत नव्हती. कुदळ-फावडं घेऊन चिखलात चढलेल्या सगळ्यांचे आभार. २३ तारखेला शोध थांबला तेव्हा ५७ माणसं बेपत्ताच होती.

मृतदेह न मिळालेलं दुःख वेगळंच. मन दाराकडे डोळे लावून बसतं. अशा घरात "आता विसरा" न म्हणता जे नुसते शेजारी बसले, त्यांचे विशेष आभार. घडलेलं पुन्हा पुन्हा वदवून घेतलं की जखम उकलते. तुम्ही आधी पाणी, कोरडे कपडे, आपल्या माणसाचा फोन लावून दिलात आणि बोलणं त्यांच्यावर सोडलंत. लहान मुलांना "आई झोपली" न सांगता "आई मेली, ती परत येणार नाही" असं सांगणाऱ्यांचेही आभार. (झोपली म्हटलं की मूल स्वतः झोपायला घाबरतं.)

कागदपत्रांच्या रांगेत सोबत उभं राहणं हीसुद्धा सांत्वनाचीच रीत. दुःखात माणसाला साधा अर्जही दोनदा वाचावा लागतो.

आणि पुढच्या पावसाळ्यात, पत्र्यावर सर वाजली की दचकणाऱ्यांची चौकशी करायला परत आलेले तुम्ही! महिनोन्‌महिने झोप नसेल, जेवण सुटलं असेल, मरणाची भाषा असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक लावून द्या, आणि तोवर त्यांना एकटं सोडू नका.