गाथेची जागा तिसऱ्या खणात

मँचेस्टर,
१२ जानेवारी

ती. दादा,
सा. न.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "घराचं काम काढायचंय, बाबांचं कपाट हलवावं लागेल. तुला हवी ती पुस्तकं सांग, बाकीची वाचनालयाला देऊन टाकतो." मी "सांगते" म्हणाले आणि यादी करायला बसले. रात्रपाळीवरून आल्यावर रोज बसतेय, पण यादी काही पुढे सरकत नाही. हे फोनवर धड बोलता यायचं नाही, म्हणून पत्र. आईलाही वाचून दाखव.

आज बारा तारीख, चार हुतात्म्यांच्या फाशीचा दिवस. बाबा असते तर सकाळीच आपल्याला सोलापुरातल्या त्यांच्या चार पुतळ्यांपाशी घेऊन गेले असते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, ही चारही नावं आपल्याकडून म्हणून घ्यायची, १९३० च्या मे महिन्यातल्या मार्शल लॉची हकीकत सांगायची आणि मग सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्यावर न्यायचं. माझ्या शाळेच्या पुस्तकात ती चार नावं एका ओळीत उरकली होती. बाबांच्या कपाटात मात्र त्यावरच्या तीन पुस्तिका होत्या, दुसऱ्या खणात, पिवळ्या पडलेल्या. त्या कुणाला देऊ नकोस. तशा पुस्तिका पुन्हा छापल्या जात नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ते कपाट आपण जन्मापासून बघत आलो, त्यामुळे त्याची मांडणी वेगळी आहे हे मला इथे येईपर्यंत कळलंच नव्हतं. इथलं मध्यवर्ती ग्रंथालय म्हणजे १९३४ साली उघडलेली मोठी गोल इमारत आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा घुमटाखालच्या वाचनकक्षात नुसतीच तासभर बसून राहिले. ग्रंथालयांच्या दशमान पद्धतीत कापड-उद्योगाचा क्रमांक ६७७, विणकामाच्या कलेचा ७४६, इंग्रजी कवितेचा ८२१, आणि समाजशास्त्र पार मागे ३०१ ला. म्हणजे गिरणीत विणलं तर एक कपाट, हाताने विणलं तर दुसरं, विणणाऱ्याने गाणं रचलं तर तिसरं, आणि तो उपाशी राहिला तर चौथं. सोय म्हणून हे ठीकच आहे, नाहीतर लाखो पुस्तकांतून हवं ते सापडणार कसं? पण बाबांच्या तिसऱ्या खणात ही चारही एकमेकांना खेटून उभी होती, आणि ती तशी मुद्दाम ठेवलेली होती.

तुला आठवतं का, चौथीत असताना मी सकलसंतगाथा उचलून देवघरात नेऊन ठेवली होती? आईला बरं वाटलं होतं. संध्याकाळी बाबा कामावरून आले, हातपाय धुतले आणि गाथा परत तिसऱ्या खणात, कापडाच्या रंगणीच्या पुस्तकाशेजारी ठेवली. म्हणाले, "ही कारागिरांची पुस्तकं आहेत, ती कारागिरांतच राहू दे." मग मला समोर बसवून नरहरी सोनारांचा अभंग वाचून दाखवला.

देवा तुझा मी सोनार । तुझे नामाचा व्यवहार ॥
देह बागेसरी जाणे । अंतरात्मा नाम सोने ॥

बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी, हे मला कुठे ठाऊक? पुढे 'त्रिगुणाची करुनी मूस' आलं तेव्हा बाबा थांबले आणि दुसऱ्या दिवशी मला सराफांच्या गल्लीत घेऊन गेले. एका म्हाताऱ्या कारागिराने निखाऱ्यातली मूस चिमट्याने उचलून दाखवली. आत सोनं पाण्यासारखं हलत होतं. परत येताना बाबा म्हणाले, "मूस बघितल्याशिवाय अभंग अर्धाच कळतो." त्याच सुट्टीत आपण अरणला गेलो, सावता माळ्यांच्या गावी. कांदा, मुळा, भाजी पिकवता पिकवता त्यातच विठाबाई दिसलेला तो माणूस आपल्याच जिल्ह्यातला. येताना पंढरपूरला चोखोबांची समाधीही पाहिली. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते कोसळून चोखोबा त्याखाली गेले, हे बाबांनी सांगितलं तेव्हा तू बराच वेळ गप्प होतास. देवघरातल्या गाथेची मी फक्त पूजा केली असती. तिसऱ्या खणातल्या गाथेतून मला माणसं कळली.

त्याच खणात 'गावगाडा' आहे, त्रिंबक नारायण आत्र्यांचा, १९१५ सालचा. प्रत आपली नंतरच्या आवृत्तीची, पुठ्ठा सुटलेली. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, परीट, न्हावी कोणतं काम करायचे आणि त्याबद्दल सुगीला कुणाच्या वाट्याला काय यायचं, याची इतकी बारीक नोंद एका जागी मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही. पण ते लिहिणारा माणूस मुलकी खात्यातला होता आणि त्याची नजर वरून खाली येते. म्हणून बाबांनी त्याला अगदी टेकून दया पवारांचं 'बलुतं' ठेवलं होतं, १९७८ चं. जो शब्द आत्र्यांच्या पुस्तकात हिशेबाचा आहे, तोच इथे ज्याच्या पदरात तो वाटा पडला त्याच्या तोंडून येतो आणि अंगावर काटा येतो. बाबा म्हणायचे, यातलं एकच वाचशील तर फसशील. मी दोन्ही वाचली, पण फार उशिरा, आणि एकामागून एक वाचली तेव्हा आपण ज्याला 'जुनं चांगलं गाव' म्हणतो ते कुणासाठी चांगलं होतं हा प्रश्न पहिल्यांदा पडला. पलीकडे शरणकुमार लिंबाळ्यांचं 'अक्करमाशी' आहे. त्यातलं गाव, हन्नूर, आपल्या अक्कलकोट तालुक्यातलं. मुलांना इतक्यात देऊ नकोस, पण दहावीनंतर नक्की दे.

आता ती वही. लाल कापडी पाठीची, चौकटीच्या कागदांची. ती कुठल्याही परिस्थितीत घराबाहेर जाऊ देऊ नकोस. तुला ती नक्षीची जुनी वही वाटत असेल. त्यात समोरच्या गल्लीतल्या अण्णांनी काढलेले चादरींचे काठ आहेत, मोर आहेत, आणि बाजूला अण्णांच्या तेलुगूत आणि बाबांच्या मराठीत टिपा आहेत. एक चौकट म्हणजे ताण्याचा आणि बाण्याचा एक सांधा. चौकट रंगवली तर तिथे ताणा वर उचलायचा, कोरी सोडली तर खाली ठेवायचा. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. मागावरच्या जेकार्ड यंत्रावर पट्टी फिरली की जिथे भोक तिथे सुई आत शिरते, हूक जागेवर राहतो आणि धागा वर जातो. भोक नसेल तिथे हूक मागे ढकलला जातो आणि धागा खालीच राहतो. फ्रान्समध्ये ल्योनच्या जाकार नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमाराला हे यंत्र पुढे आणलं, आणि आपल्या पूर्व भागात चौथी शिकलेले अण्णा त्यावर मोर उतरवायचे. गिरणी बंद पडल्यावर बाबा यंत्रमागाच्या शेडवर लागले तेव्हा हे सगळं त्यांना अण्णांनीच शिकवलं. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मला अभिमान आहे, पण ज्यांनी नक्षी काढली त्यांचं अक्षर आपल्या घरात एका वहीत आहे, आणि ती वही कसर खातेय. प्रत्येक पानाचा फोटो काढ. अण्णांच्या मुलाला बोलावून तेलुगू टिपा वाचून घे आणि खाली मराठीत लिहून ठेव. हे या महिन्यातच कर. अण्णा थकलेत, काही अडलं तर अजून त्यांना विचारता येईल.

इथे डीन्सगेटवर जॉन रायलंड्स ग्रंथालय आहे. कापसाच्या धंद्यात अमाप पैसा केलेल्या नवऱ्याच्या आठवणीत एन्रिकेता रायलंड्स या बाईंनी ते बांधलं, १९०० साली वाचकांना खुलं केलं. लाल दगड, उंच कमानी, आत गेलं की आवाज आपोआप खाली येतो. मी तिथे पुष्कळदा जाते. पण दर वेळी मनात येतं की मालकाच्या पैशातून उभं राहिलेलं ग्रंथालय मी बघितलं, आणि माग चालवणाऱ्याने पगारातून रद्दीच्या दुकानात किलोवर घेऊन उभं केलेलंही बघितलं. मला दुसरं जास्त मोठं वाटतं. बाबा होते म्हणून नाही, खरंच वाटतं.

तर असं कर. हलवायच्या आधी प्रत्येक खणाचा, पुस्तकांच्या पाठी दिसतील असा फोटो काढ. पहिल्या आणि पाचव्या खणातल्या कादंबऱ्या, दिवाळी अंक, माझी परीक्षेची पुस्तकं खुशाल वाचनालयाला दे, तिथे ती वाचली तरी जातील. चौथ्या खणातलं तुझं तू ठरव. 'रुचिरा' स्वयंपाकघरातच राहू दे, आईची हळदीची बोटं त्यावर आहेत आणि वहिनी अजून त्यातल्याच वाटीच्या मापाने करते. दुसरा आणि तिसरा खण घरात राहील. जागा नसेल तर माझ्या खोलीतला पलंग काढ. मी आले की खाली गादी टाकून झोपेन. कडुलिंबाचा पाला वाळवून पुस्तकांमागे ठेव.

अक्षता सोहळ्याचा व्हिडिओ पाठव. आईला म्हणावं, शेंगाचटणी संपली, पण कुणी येणारं असेल तरच दे, कुरिअरने नको.

आणि एक. 'गावगाड्या'शेजारी मोकळी जागा दिसेल. 'बलुतं' माझ्याकडे आहे. मागच्या खेपेला न विचारता बॅगेत घातलं, इथे ट्राममध्ये दोनदा वाचून झालं. मे महिन्यात घेऊन येते. तोवर तिथे दुसरं काही लावू नकोस.

तुझी,
छकुली