पुराना किल्ल्यातली जपानी नावे

माननीय केंद्रीय संस्कृती मंत्री, भारत सरकार यांस,

स. न. वि. वि.

दिल्लीच्या पुराना किल्ल्यात हुमायून जिथून पडला तो जिना दाखवतात. फाळणीतल्या निर्वासितांच्या तंबूंबद्दलही गाईड बोलतो. त्याआधी पाचच वर्षे तिथे दुसरे तंबू होते, त्यांच्याबद्दल मात्र मला कुठे एक ओळ दिसली नाही.

डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला आणि इंग्रजांनी मलाया-सिंगापुरातले जपानी दुकानदार, फोटोग्राफर, बायकापोरांसकट धरून इकडे आणले. हे सैनिक नव्हेत. दिल्लीचा 1942 चा उन्हाळा त्यांनी तंबूत काढला. त्यात माणसे गेली. काहीजण त्या ऑगस्टमध्ये ब्रिटन-जपानमधल्या नागरिकांच्या अदलाबदलीत मुंबईहून बोटीने सुटले, उरलेल्यांना पुढे राजस्थानात देवळीला हलवले. तिथे जपान हरला की जिंकला यावरूनच कैद्यांत तट पडले आणि फेब्रुवारी 1946 मध्ये, युद्ध संपून सहा महिने झाल्यावर, पहाऱ्यावरच्या सैनिकांच्या गोळीबारात आणखी माणसे मेली.

अमेरिकेनेही आपल्या जपानी वंशाच्या लोकांना असेच कोंडले होते. युटामधल्या टोपाझ छावणीत 11 एप्रिल 1943 रोजी जेम्स वाकासा हे 63 वर्षांचे गृहस्थ कुंपणाजवळ पहारेकऱ्याच्या गोळीने गेले. वाळवंटात फुले कुठून आणणार? बायकांनी कागद कापून, चुण्या घालून, भलीमोठी पुष्पचक्रे केली. सोबत्यांनी ते पडले त्या जागी दगड उभारला. अधिकाऱ्यांनी तो काढायला लावला, तर यांनी तो तिथेच जमिनीत पुरला. 2020 मध्ये तो सापडला. लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात 2022 मध्ये अमेरिकेतल्या अशा सगळ्याच छावण्यांतल्या बंदिवानांच्या नावांचा ग्रंथ मांडला गेला, सव्वा लाखाहून जास्त नावांचा. नातवंडे आली, त्यांनी आपल्या माणसाच्या नावाखाली निळा ठिपका उमटवला.

किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि दोन्ही आपल्याच मंत्रालयाखाली. म्हणजे परवानगीसाठी दुसऱ्या दारी जायला नको. छावणीच्या फायली काढून मृतांची यादी करावी आणि किल्ल्यात एक साधा फलक लावावा, एवढीच विनंती. कोंडणारे इंग्रज होते, तेव्हा आपल्याला संकोचाचे कारण नाही. देवळीत 1962 नंतर आपणही चिनी वंशाच्या भारतीयांना ठेवले होते, त्यामुळे हा विषय नको असे कुणाला वाटत असेल, तर ते मी समजू शकतो. तरीही.

मृत्यूची तिथी माहीत नसली की आपण सर्वपित्री अमावास्येला पान वाढतो. जपान्यांचा ओबोन तसाच, पितर घरी येण्याचा. फलक ओबोनच्या दिवसांत लावलात तर वरळीच्या जपानी बौद्ध मंदिरातल्या भिक्षूंना बोलवा, म्हणजे त्यांच्या ढोलाच्या ठेक्यावर नावे वाचता येतील. फक्त यादी छापण्याआधी कुणा जपानी जाणकाराला दाखवा. नावे इंग्रज कारकुनांनी कानाला ऐकू आली तशी लिहिलेली असणार, आणि फलकावर ती जपानी लिपीतही हवीत.

आपला नम्र,
एक नागरिक, पुणे