माळ्यावरच्या कॅसेटी

अथेनराय, काउंटी गॉलवे, आयर्लंड
रविवार, रात्र

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल आईनं फोन स्पीकरवर ठेवला होता, हे तुला ठाऊक नव्हतं. तिकडे ऑस्ट्रेलियात बनबरीच्या हॉस्पिटलातली नाइट संपवून परत येताना डोळा लागला, चाक कडेच्या खडबडीत पट्ट्यावर गेलं आणि त्या खडखडाटानं जाग आली, हे तू हसत हसत सांगितलंस ते मीही ऐकलं. आई 'अगं बाई' म्हणाली आणि तुम्ही दोघी रेवाच्या दातांकडे वळलात. मी कप घेऊन बागेत गेलो. त्या विषयावर मी लिहिणार नाही. तू 41 वर्षांची आहेस, भूल देणारी डॉक्टर आहेस, झोप म्हणजे काय ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

हे पत्र कॅसेटींबद्दल आहे. आईच्या हुकमावरून माळा काढला. बाबूच्या हॉकी स्टिका, निलूमावशीची ती सूटकेस (अजून कुलूपबंद!) आणि खाली बिस्किटांच्या खोक्यात 23 व्हिडिओ कॅसेटी. सगळ्यांवर माझ्या अक्षरात देवनागरी चिठ्ठ्या. तुझ्या मैत्रिणींनी पुसून त्यावर काही भरू नये म्हणून ती युक्ती होती. 'ग्लेनरो – पुसू नये' (आपली ती रविवारची खेड्यातली मालिका), 'टॉय शो 1990', 'युरोव्हिजन 94, पायांचा नाच'. तो नाच पुढे जगभर रिव्हरडान्स म्हणून गाजला. आई कथक शिकलेली. ती त्या रात्री म्हणाली होती, पाय एवढे बोलतात मग हात का बांधून ठेवलेत?

पाच-सहा कॅसेटींवर पांढरी बुरशी आली आहे. धर्मादाय दुकानातून जुना प्लेअर आणला, पहिलीच टेप त्यानं गिळली. स्क्रू काढून झाकण उघडलं, चुरगळलेली तपकिरी फीत चिमट्यानं सोडवली, बोटानं चक्री फिरवत पुन्हा गुंडाळली. दीड तास लागला. आई म्हणाली, पेशंटला एवढा वेळ दिला असता तर लोकांनी पुतळा उभारला असता. हे सगळं आता नेटवर मिळतं म्हणशील. मिळत असेल. पण माझ्या टेपमध्ये मधेच हवामान येतं, आणि पश्चिमेकडे पाऊस म्हणून सांगतात तो आपल्या छपरावर पडलेला पाऊस आहे.

मग लागलं ते ग्लेनरोचं सुरुवातीचं संगीत. तुला ते ऐकलं की पोटात गोळा यायचा, कारण रविवार संपला आणि आयरिशचा गृहपाठ तसाच राहिला. दप्तर पलंगाखाली लपवायचीस. मला मात्र त्या संगीतानं बरं वाटायचं. 1982 साली आम्ही आलो, तेव्हा डब्लिनकडच्या घरांवर उंच अँटेना असायच्या, त्यांना बीबीसी दिसायचं. इकडे आपल्याकडे इथल्या सरकारी टीव्हीची आरटीई वन आणि टू, संपलं. आमचा टीव्ही भाड्याचा. मला इंग्रजी यायचं, पण इथलं इंग्रजी यायचं नाही. पहिल्याच आठवड्यात मी काहीतरी सांगितलं तर वॉर्डातली सिस्टर ओरडली, 'स्टॉप द लाइट्स!' मी मुकाट्यानं दिव्याचा खटका शोधू लागलो. क्विकसिल्व्हर नावाचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम असायचा, बनी कार यांचा, त्यात स्पर्धक असं म्हणायचे. कार्यक्रम आदल्याच वर्षी बंद झाला होता, वाक्य तेवढं उरलं होतं.

ग्लेनरो 1983 मध्ये सुरू झालं आणि माझी सोय झाली. सोमवारच्या राउंडला पेशंट आधी मालिकेतल्या माइली आणि बिडी या जोडप्याबद्दल बोलायचे, मग पोटाबद्दल. माइलीचा बाप डिनी किती कावेबाज, माइली किती भोळा, शेतीचं काय होणार. काल पाहिलंत ना डॉक्टर, असं विचारत, आणि 'पाहिलं' म्हणता आलं की तो म्हातारा शेतकरी उशीवर जरा टेकायचा आणि खरं काय दुखतंय ते सांगायचा. मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागलं की आम्ही उठून जायचो, आणि इथे परमुलखात मी बैलांचे बाजारभावसुद्धा ऐकत बसायचो.

तुझी आजी आली होती ते आठवतं? चार महिने होती, इंग्रजी शून्य. 'बाईचं नाव बिडी? मग नवऱ्याचं काय, काडेपेटी?' असं म्हणून हसून हसून तिला ठसका लागला होता. पण दोन रविवारांत तिला सगळी नाती कळली. डिनीला पाहून म्हणाली, हा आपला भिकूकाका. आणि सहाच्या अँजेलसच्या, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेच्या घंटा! टीव्हीवर ते 18 टोल सुरू झाले की ती देवापाशी दिवा लावायची. आईनं तीच सवय पुढे ठेवली. पहिलीत तू बाईंना सांगितलंस की आमच्या घरी शुभंकरोतीची घंटा टीव्हीच वाजवतो. बाईंनी ते मला थांबवून सांगितलं होतं. मी ते किती जणांना सांगितलं असेल, विचारू नकोस.

तू तर त्याआधी मुलांच्या कार्यक्रमातल्या बॉस्कोवाली. लाल केसांचं ते बाहुलं खोक्यात राहायचं, म्हणून फ्रिजच्या खोक्यात तुला राहायचं होतं. त्या जादूच्या दारातून पलीकडे प्राणिसंग्रहालय दिसायचं. तू आमच्या कपाटाचं दार उघडून माझे शर्ट बाजूला करून बघायचीस. मराठी बोलताना तुझा हेल इथला व्हायला लागला तो त्याच सुमारास. आईला वाईट वाटलं होतं. मला नाही. मला वाटलं, हिला इथे कोणी परकी म्हणणार नाही. ते काही पूर्ण खरं झालं नाही, ते असो.

आता एवढं लिहिलं आहे तर एकच वाक्य लिहितो. सलग 17 तास जागं राहिलेला माणूस रक्तात 0.05 टक्के दारू असल्यासारखा वागतो, हे तुमच्याच ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 1997 साली दाखवलं. तू प्यायलेल्या माणसाला रेवाला गाडीत घेऊन जाऊ देशील का? खिडकी उघडणं, मोठ्यानं गाणी लावणं, च्युइंगम, यातलं काही कामाचं नाही. मी कॅज्युअल्टीत उभा राहून पाहिलं आहे. पहाटे पाच ते आठ. आणि तिकडे पहाटेला कांगारूही रस्त्यावर येतात म्हणे. हॉस्पिटलात कुठेतरी खाट असेलच, तासभर पड आणि मग निघ. पन्नासेक किलोमीटर म्हणजे काही...

बघ, लागलोच. माफ कर. फाडून पुन्हा लिहिणार होतो, पण पाठीमागे आजीचं लिहिलंय.

2000 साली बिडी गाडीच्या अपघातात गेली, ती रात्र तुला आठवत असणारच. आई हुंदके देत रडली. ही तीच आई, जिनं माइली बिडीच्याच नात्यातल्या फिडेल्माच्या नादी लागला तेव्हा आठवडाभर त्याचं तोंड पाहणार नाही म्हणून सांगितलं होतं. तू 16 वर्षांची होतीस, म्हणालीस, 'आई, त्या बाईंना मालिका सोडायची असेल.' मी उठलो, टॉर्च घेतला आणि बाहेर जाऊन चारही चाकं तपासली. पावसात. तुम्ही खिडकीतून हसत होता. पुढच्या वर्षी तू गाडी शिकायचं प्रोव्हिजनल लायसन्स काढायचं म्हणालीस तर मी सहा महिने टोलवाटोलवी केली. त्यावरून तू मला काय काय बोललीस ते इथे लिहीत नाही. मालिकाही त्याच वर्षी संपली.

आता जे लिहितो ते आईला माहीत नाही.

फेब्रुवारी 1987. शुक्रवारी सकाळी कामावर गेलो तो रविवारी संध्याकाळी सुटलो. तेव्हा ज्युनियर डॉक्टरांचे शनिवार-रविवार असेच जायचे, त्यात कोणाला काही वाटायचं नाही. दहा मैल राहिले होते. ग्लेनरो चुकू नये म्हणून चहासुद्धा न घेता निघालो. मग मधलं काही आठवत नाही. गाडी गडग्यात. इथल्या शेतांचे ते रचलेले दगडी गडगे, आपल्या राजापूरसारखेच. पाच-सहा फूट गडगा ढासळला होता, एक दिवा फुटला होता, कपाळातून रक्त. एक म्हातारा कंदील घेऊन आला, आधी गडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी माइलीच्या सुरात म्हणाला, 'वेल, होली गॉड!'

त्यानं मला घरात नेलं. टीव्हीवर ग्लेनरो सुरू झालं होतं. बायकोनं हातात टॉवेल दिला, चहा दिला, खुर्ची पुढे ओढली, आणि तिघं ते पाहत बसलो. कोण, कुठला, कोणीही विचारलं नाही. शेवटचं संगीत वाजलं तेव्हा तो वळून म्हणाला, 'आता सांग.'

मी आईला फोन करून पंक्चर झालं म्हटलं. भुवईवरची खूण डिकीचं झाकण लागून झाली, हे तूही लहानपणापासून ऐकत आली आहेस. पुढच्या रविवारी मी जाऊन तो गडगा रचून दिला. खाली मोठे, मध्ये चिपा, वर आडवे. म्हातारा बराच वेळ बघत होता. हिंदुस्थानातल्या डॉक्टरला हे कुठून येतं, त्याला कळेना.

तू तेव्हा तीन वर्षांची होतीस. त्या रात्री उशिरा पोचलो तर तू जागी होतीस आणि कपाटाचं दार उघडून बसली होतीस. बाबा इथून येणार, म्हणालीस.

आई 'काय एवढं लिहिताय' म्हणून दोनदा डोकावून गेली. पाकीट आताच बंद करतो. फोनवर यातलं काही काढू नकोस, स्पीकर असतो.

रेवाला पापा. सुधीररावांना नमस्कार.

तुझा,
बाबा

ता. क. – टॉय शोची टेप चांगली निघाली. गे बर्न स्वेटर घालून खेळणी दाखवतात ती. एका मुलाकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतो आहे, रेवासाठी.

ता. क. 2 – बनबरीहून बसलटनला सकाळी बस असते का? वेळ कळव.