सतरा नंबरची ओळ

चोपडा,
घटस्थापनेचा दुसरा दिवस

प्रिय दिनू,

कानबाईच्या रोटांना ये म्हणून लिहायचं होतं, तेही राहिलं. रागावला असशील. गुडघा बरा आहे, आई ठीक. आज लिहितोय, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

सतरा नंबर. तू जाण्याआधी आपण केलेला भुईमुगाचा शेवटचा संकर. आई लवकर निघणारं जेएल-२४ वाण, बाप पानांच्या रोगांना दाद न देणारं जीपीबीडी-४. संध्याकाळी चिमट्यानं कळीतले पुंकेसर काढायचे, पहाटे पराग लावायचे, मग आरी, म्हणजे टोकाला शेंग धरणारा तो देठ, मातीत शिरली का ते वाकून बघायचं. एकदा संकराच्या खुणेचा लाल दोरा भलत्याच फुलाला बांधलास आणि आजवर कबूल केलं नाहीस!

यंदा भाद्रपदात पाऊस धरून बसला. टिक्का आणि तांबेरा या पानांच्या रोगांनी शेजारच्या ओळींच्या नुसत्या काड्या उरल्या. सतरा नंबर हिरवीगार. बांधावर उभा राहून रडलो रे.

काल ९५व्या दिवशी पाच झाडं उपटली. शेंगा भरपूर. फोडल्या तर टरफल आतून अजून पांढरं, दाणा पाणीदार. जेएल-२४ ९० ते ९५ दिवसांत निघतं, म्हणून तर कोरडवाहूवाल्यांनी ते धरून ठेवलं. हिला आणखी वीस दिवस हवेत. तोवर पाऊस गेलेला, जमीन कडक. झाड उपटलं की आऱ्या तुटतात, शेंगा मातीतच राहतात. वरून निरोप आहे, रोगाचे आकडे चांगले आहेत, नवं वाण म्हणून यंदाच प्रस्ताव द्या. माझा हात धजत नाही.

तू म्हणायचास, आधी शेंगांचा उतारा बघ. मी म्हणायचो, पानच राहिलं नाही तर उतारा कुठून? अजून तेच म्हणतो. पण दिवसांचं आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तांबेऱ्याशी झुंजायची बापाची ती ताकद मुळात कार्डेनासी या भुईमुगाच्या जंगली जातीची. तिची गुणसूत्रं २०, आपल्या भुईमुगाची ४०, जोड सहज जुळत नाही. किती पिढ्या खपल्या ती शेतातल्या झाडात उतरवायला! इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या लोकांनी मार्करच्या, म्हणजे डीएनएतल्या खुणांच्या, मदतीनं जेएल-२४ मध्येच तांबेऱ्याला रोखणारा तो डीएनएचा तुकडा बसवला, २०१४ साली छापूनही आलं. म्हणजे वाट आहे. सतरा नंबरचा पुन्हा जेएल-२४ शी संकर करायचा, पुन्हा पिढ्या, पुन्हा चाचण्या. माझी नोकरी चार वर्षं उरली, भो. पुढे ही ओळ कोण सांभाळेल, या विचारानं रात्री झोप लागत नाही.

मुलीचं लग्न ठरलं म्हणे, फार आनंद झाला. वहिनींना नमस्कार.

आणखी पाच झाडं न उपटता जागेवरच ठेवली आहेत, ११५व्या दिवशी उपटीन. तेव्हा ये. पान बघू नकोस, शेंग फोडून बघ आणि प्रस्ताव द्यायचा की नाही ते तोंडावर सांग. पुन्हा संकर करायचा ठरला, तर लाल दोरा मी आणतो.

तुझा,
भास्कर