शाप आहे, अट कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीने वाचकांकडून ‘परीकथेवर बेतलेली अद्भुत प्रेमकथा’ मागवली आहे. हा प्रकार इंग्रजीत वाचणारी मुलं-मुली सोलापुरातही आहेत, त्यांना तो मराठीत मिळाला तर आनंदच. हरकत आहे ती सोबत छापलेल्या सूचनांना. कथेत शाप असावा, राजपुत्र असावा, खऱ्या प्रेमाच्या चुंबनाने शाप सुटावा आणि हे सगळं 1,500 शब्दांत बसावं, असं आपण म्हटलं आहे. या सूचना पाळल्या तर आलेल्या सगळ्या कथा एकाच ठशातून निघतील, आणि तो ठसा मूळ परीकथांचा नाही.

आधी चुंबनाचं बघू. ग्रिम बंधूंच्या कथेतली राजकन्या बेडकाचं चुंबन घेतच नाही. ती वैतागून त्याला उचलते आणि भिंतीवर आपटते, खाली पडतो तो राजपुत्र. त्यांच्या 1857च्या आवृत्तीतली हिमगौरी जागी होते ती शवपेटी नेणारे नोकर झुडपाला अडखळतात आणि हिसक्यानं घशातला विषारी सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो म्हणून. फ्रेंच लेखक पेरोच्या 1697च्या कथेत निद्रिस्त राजकन्येजवळ राजपुत्र नुसता गुडघे टेकतो. शंभर वर्षं तेव्हाच भरलेली असतात, म्हणून ती डोळे उघडते. हीच कथा ग्रिमांनी सांगितली तिच्यात चुंबन आहे खरं. पण तिथंही काट्यांचं कुंपण आपोआप बाजूला होतं, कारण मुदत नेमकी त्याच दिवशी संपलेली असते. आधीचे राजपुत्र काट्यांत अडकून मेले. त्यांचं प्रेम कमी पडलं असं कथा कुठंच म्हणत नाही, ते फक्त लवकर आले होते.

(पेरोची कथा जाग येण्यापाशी संपतही नाही. उत्तरार्ध सासूचा आहे. ती राक्षसकुळातली, आणि नातवंडं शिजवून वाढ असं स्वयंपाक्याला फर्मावते. ‘सुखानं नांदू लागले’ म्हणणाऱ्यांनी तो भाग जरूर वाचावा.)

या कथा चालतात अटीवर. आपल्याकडे श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको: ‘उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको.’ वसा म्हणजे नियम, आणि नियम मोडला की किंमत. नव्या मराठी अद्भुत प्रेमकथांत महाल, झुंबर, काळा घोडा, शापित सरदार असं सगळं सामान असतं. अट मात्र नसते, किंवा ‘तू खऱ्या मनानं प्रेम कर’ अशी ढगळ असते. ती मोडली की पाळली हे कुणाला कळणार?

चांगली अट कशी असते ते शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या राजा पुरूरवा आणि अप्सरा उर्वशी यांच्या गोष्टीत बघावं. उर्वशी राहायला येते तीच अटी घालून. त्यातली एक अशी की तू मला कधी विवस्त्र दिसता कामा नये. तिच्या पलंगाला दोन कोकरं बांधलेली असतात. तिला परत न्यायला टपलेले गंधर्व रात्री एक कोकरू पळवतात, मग दुसरंही. इथं कुणी पुरुषच नसल्यासारखी माझी पिल्लं नेताहेत, असं ती ओरडते. पुरूरवा तसाच उठून धावतो. वस्त्र गुंडाळायला वेळ जाईल म्हणून तो ते घेतच नाही. त्याच क्षणी गंधर्व वीज चमकवतात, अंधारात दिवसासारखं लख्ख दिसतं आणि तो परत येतो तोवर ती गेलेली असते.

यात अट मोजता येण्यासारखी आहे: दिसला किंवा नाही दिसला. ती मोडते निष्काळजीपणानं नव्हे, तिच्यासाठी धावून जाण्याच्या घाईत. ज्या गुणावर ती भाळली असेल, त्याच गुणानं ती जाते. आणि मोडायचं साधन, म्हणजे ती कोकरं, पहिल्यापासून पलंगाला बांधलेली आहेत. लेखकानं ऐनवेळी बाहेरून आणलेली नाहीत. नवख्या कथांत या तिसऱ्या गोष्टीचा हमखास घोळ होतो. शेवटच्या पानावर एक म्हातारी येते आणि अंगठी देते. ती अंगठी पहिल्या पानावर कुणाच्या तरी बोटात दिसायला हवी होती.

‘सौंदर्यवती आणि पशू’ ही कथा फ्रेंच लेखिका बोमाँबाईंनी 1756 मध्ये आटोपशीर केली. त्याआधी 1740 मध्ये व्हिलनव्हबाईंनी ती ऐसपैस लिहिली होती. बोमाँबाईंकडची अट आठवड्याची: माहेरी जा, आठवड्यानं परत ये. हेवा करणाऱ्या बहिणी ती पहिल्यांदा पशूकडे निघाली तेव्हा डोळ्यांना कांदा चोळून रडलेल्या असतात. आता त्या केस उपटून दुःखाचं सोंग करतात आणि तिला आणखी आठवडाभर ठेवून घेतात. खोट्या रडण्याला ती भुलते ती माया असते म्हणून, आणि तिकडं पशू मरणाला टेकतो. कांद्याचं रडू किती महागात पडतं हे आपल्या बाजार समितीच्या गावाला समजावून सांगायला नको. शिवाय या कथेतही पशू माणूस होतो तो तिनं लग्नाचा शब्द दिल्यावर.

आता मापाचं. 4,000 शब्दांची कथा धरली तर अट पहिल्या 400 शब्दांत, एका पात्राच्या तोंडून, एका वाक्यात यावी. पुढे ती दोनदा मोडता मोडता वाचावी. मोडावी साधारण 2,500व्या शब्दाच्या आसपास. उरलेला भाग शोधाचा आणि भरपाईचा. अट अगदी शेवटी मोडली तर भरपाईला जागा राहत नाही, आणि मग चुंबन घालून कथा मिटवावी लागते. दीड हजार शब्दांत असला डाव मांडणं जवळपास अशक्य. आपल्या मर्यादेवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

भरपाईच्या कामांतही हिशेब लागतो. दुसऱ्या शतकातल्या अपुलियसच्या लॅटिन कथेत अट मोडून नवरा गमावलेल्या सायकीला संध्याकाळच्या आत धान्याचा ढीग निवडायचा असतो: गहू, जव, खसखस, हरभरा, मसूर, सगळं एकत्र. मुंग्या येऊन निवडून देतात. हे काम सोलापूरकडच्या घरात आणताना ज्वारी, जवस, हरभरा असं मिश्रण करू नका. दोन चाळण्या घेतल्या की कोणतीही सून ते थोड्या वेळात वेगळं करेल, मुंग्यांना कुणी विचारणार नाही. मटकीत हुलगे मिसळा. आकार जवळचा, चाळणी हरते, एकेक दाणा डोळ्यांनी बघावा लागतो.

सगळ्यात जास्त चुकतं ते निद्रिस्त राजकन्येचं. मराठीत सर्रास लिहितात, ‘तिच्या बोटाला चरख्याची सुई टोचली.’ चरख्याला सुई नसते, चाती असते, म्हणजे सूत जिच्यावर पिळून गुंडाळलं जातं ती टोकदार काडी. पेरोच्या कथेत तर चरखाही नाही. म्हातारी हातानं फिरवायच्या चातीवर, म्हणजे आपल्या टकळीच्या जातीच्या साधनावर, सूत काढत बसलेली असते. त्याहून जुन्या, सतराव्या शतकातल्या इटालियन कथेत नखाखाली जवसाच्या वाखाची कूस शिरते. हातानं काम करणाऱ्याला हे जास्त पटतं. चातीचं टोक बोटात शिरायला जोर लागतो, कूस नकळत जाते.

आणि खरी कादंबरी इथंच पडून आहे. राजा फर्मान काढतो की राज्यात कुणी चाती वापरायची नाही, जवळ बाळगायचीही नाही. बरं, मग पुढची पंधरा-सोळा वर्षं लोकांनी अंगावर काय घातलं? सूत बाहेरून आलं असणार. कुणी आणलं, कुठल्या वाटेनं, काय भावानं? कातणाऱ्या बायांनी काय खाल्लं? उभे माग बंद पडले की नाही? मागावरच्या माणसांच्या गावात हा प्रश्न पहिल्या मिनिटाला विचारला जाईल, तरी पुनर्कथन करणारे बहुतेक जण तो ओलांडून थेट महालात शिरतात. चोरून सूत आणणारा आणि जिच्या जिवासाठी ही बंदी घातली ती मुलगी, या दोघांत प्रेम जमवा. ‘त्याच्या पाठीवरच्या गाठोड्यात तिचं मरण आहे’ ही अट कुणी वेगळी घालायची गरजच नाही. काट्यांच्या कुंपणाला गुलाबही नकोत. वेडी बाभूळ आहे. तोडली तरी बुडापासून पुन्हा फुटते, आणि तिचा काटा चपलेच्या तळातून वर येतो.

झोपलेल्या मुलीचं चुंबन आजच्या वाचकाला खटकतं, आणि खटकायलाच हवं. त्यावर सोपा मार्ग म्हणजे पेरोचा. मुदत संपू द्या, तिला स्वतःहून जागं होऊ द्या, मग दोघांना बोलायला लावा.

परीकथा म्हणजे परका माल, असं काही जण म्हणतील. मेरी फ्रिअर या इंग्रज बाईंनी आया अ‍ॅना लिबराटा डिसूझा यांच्या तोंडून ऐकलेल्या दख्खनच्या कथा 1868 मध्ये इंग्रजीत छापल्या. त्यात एका राजकन्येची मोजडी डोंगरावरून खाली पडते, ती एका राजपुत्राला सापडते आणि त्यावरून लग्न जमतं. पण तिचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या हारात असतो, आणि सवत तो चोरवते. हार दुसरीच्या गळ्यात असेल तोवर ही मेलेली, काढला की जिवंत. बुटापेक्षा हार कितीतरी कामाचा, कारण त्याला वेळ आहे, नियम आहे, चोर आहे.

प्रेमात ओळख पटण्याची खूणही आपल्याकडं जबरदस्त आहे. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम असे चौघे नलाचं रूप घेऊन बसतात. देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, हार कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. ज्याला सावली आहे, ज्याच्या अंगावर धूळ-घाम आहे, त्याच्या गळ्यात ती माळ घालते. सोलापूरच्या मे महिन्यात ही कथा घडवली तर लेखकाचं निम्मं काम ऊनच करेल.

भाषेबद्दल थोडक्यात. ‘अलौकिक लावण्यमयी राजकुमारी’ नको. कहाणीची वाक्यं आखूड असतात, विशेषणं जवळजवळ नसतात आणि पात्रं आवडती, नावडती, म्हातारी एवढ्यावर भागवतात. नायकांची सध्याची मालिकाछाप नावंही थोडी आवरावीत.

एक गोष्ट मात्र सांभाळून. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह, दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास संमती कट्ट्यावर पडणाऱ्या अक्षता, मिरवणुकीतल्या उंच काठ्या म्हणजे सात नंदीध्वज हे सगळं नव्या लेखकाला मोहात पाडेल. न होऊ शकणाऱ्या लग्नावर योगदंडाचा तोडगा, यातून रचना शिकावी तेवढी थोडी. पण ती लाखोंची चालती श्रद्धा आहे. तिच्यातली माणसं उचलून प्रेमप्रसंग रंगवू नयेत. तसा तोडगा स्वतःच्या कथेत स्वतः शोधावा.

तेव्हा विनंती एवढीच: चुंबनाची सक्ती काढावी, शब्दमर्यादा 4,000 करावी, आणि निवड करणाऱ्यांनी पहिल्या पानावर अट सापडते का ते आधी बघावं. पुरवणीत आपण निद्रिस्त राजकन्येचं चित्र छापलं आहे, त्यात चरख्यावर भली मोठी शिवणाची सुई उभी आहे. पुढच्या रविवारी तेवढी चाती करून घ्यावी.

आपले,
काही वाचक आणि कथालेखक, सोलापूर