मंजे, आज मी म्हणाले

तैपेई, 14 नोव्हेंबर

प्रिय मंजे,

तीन महिने पत्र नाही, फोन नाही. तुझे दोन मेसेज वाचून तसेच ठेवलेत. रागव, पण आधी हे वाच. तब्येत बरी आहे. पावसाने सर्दी झाली होती, गेली.

आज वर्गात मी म्हणाले, "समजलं नाही." एवढंच झालंय. पण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

इथे चिनी भाषेच्या वर्गाला नाव नोंदवताना लेखी चाचणी झाली. पुण्यातल्या दीड वर्षाच्या क्लासच्या जोरावर ती चांगली गेली आणि मला एकदम तिसऱ्या पातळीच्या वर्गात घातलं. बाबांना कळवलं तर त्यांनी चौकातल्या हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. वर्गात बसले आणि पायाखालची जमीनच सरकली. पुण्यात शिकले ती चीनमधली सोपी केलेली लिपी. तैवानात जुनीच चालते. 'ऐकणे' हे अक्षर मला 7 रेघांचं येत होतं, इथे ते 22 रेघांचं. चौकटीच्या वहीत पानभर गिरवलं तेव्हा दिसलं, जुन्या अक्षरात डावीकडे कान आहे. सोप्या अक्षरात कान काढून तिथे तोंड बसवलंय! म्हटलं, हे आमच्या मंजीचं अक्षर.

उच्चारात मात्र आपण मराठी माणसं भाग्यवान. इथली पोरं उच्चारांसाठी 37 चिन्हांची 'पो-फो-मो' नावाची वर्णमाला शिकतात. ओठांची व्यंजनं एकत्र, मग त-थ-न, मग क-ख, अगदी आपल्या वर्णमालेतल्या वर्गांसारखी जुळणी. 'चांगला'तला च आणि 'चार'मधला च, दोन्हींच्या जवळचे आवाज त्यांच्याकडे आहेत. शेजारच्या अमेरिकन मुलीला प आणि फ वेगळे काढताना घाम फुटतो, मला ते जन्मापासून येतात. अडतं ते सुरांवर. 'माइ' खाली नेऊन उचलला की विकत घेणे, वरून खाली आपटला की विकणे. बाजारात पेरूवालीला मी दुसराच सूर लावला. ती माझ्या रिकाम्या पिशवीकडे बघत राहिली, मग तिला उमगलं. तिने हातातला पेरू हळूच खाली नेला, वर उचलला, आणि माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं. पैसे त्यानंतर घेतले. किती जीव लावतात गं ही माणसं!

पण वर्गात पेरू नसतो. लाओशी, म्हणजे आमच्या बाई, धडा संपला की विचारतात, "थिंग तोंग ल मा?" ऐकून समजलं का? ऐकणं वेगळं, समजणं वेगळं, दोन्ही शब्द शेजारी ठेवतात. सगळे "तोंग ल" म्हणतात. दहा आठवडे मीही म्हणत होते. व्हिसासाठी आठवड्याला 15 तास वर्ग लागतो, दांडी मारायची सोय नाही. बसायचं, मान हलवायची, रात्री खोलीवर शब्दकोश घेऊन रडायचं.

आणि दर वेळी आपला अकरावीचा वर्ग डोळ्यांपुढे यायचा. बार्शीच्या मराठी शाळेतून आलेल्या आपण दोघी, शेवटचा बाक, फिजिक्सचं इंग्रजी. तू उभी राहून म्हणालीस, "सर, समजलं नाही." सगळे हसले. मीही हसले, मंजे. तू महिनाभर मेसमध्ये वेगळ्या टेबलावर जेवलीस आणि मी वर तुझ्यावरच चिडले, एवढं काय मनाला लावून घ्यायचं म्हणून. मलाही काही समजलं नव्हतं. मी हसले ते कुणाला ते कळू नये म्हणून. इतकी वर्षं हे तुला सांगितलं नाही.

आज लाओशींनी विचारलं आणि मी उभी राहिले. इथे कुणी उभं राहत नाही, पण राहिले. "थिंग पू तोंग." ऐकू येतंय, समजत नाही. आवाज कापत होता. कुणी हसलं नाही. तास संपल्यावर लाओशींनी थांबवून घेतलं, वही चाळली, शब्दांवर बारीक देवनागरीत लिहिलेले उच्चार बोटाने दाखवून विचारलं, ही कुठली लिपी? मग म्हणाल्या, डिसेंबरच्या सत्रात एक पातळी खाली ये, पाया पक्का कर.

त्यांचं बरोबर आहे, कळतं मला. पण एक सत्र वाढलं म्हणजे तीन महिन्यांची फी, खोलीचं भाडं. चाकणच्या नोकरीतले साठवलेले पैसे जूनपर्यंतच पुरतील. दुभाषी होऊन वर्षात परत येते म्हणून सांगून निघालेय. आणि बाबांना काय सांगू? तो चहा आठवला की घशात आवंढा येतो. शुक्रवारपर्यंत ऑफिसात कळवायचंय. मी खाली जायचं ठरवलंय असं समज, पण तू सांग. तू नको म्हणालीस तर मी पुन्हा विचार करीन.

ओवी चालायला लागली का? सासूबाईंच्या मोतीबिंदूचं काय झालं? तुझ्या शाळेतल्या बदलीचं घाईत वाचलं, नीट लिही. आणि पाचवीच्या तुझ्या वर्गात कुणी "समजलं नाही" म्हणालं तर तू काय करतेस, तेही लिही.

तुझीच,
सुमी